बिनमिठाचं कणीस

कणीस भाजायला कणीस लागतं आणि जाळ लागतो. तिसरं काही लागल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. पण कारेगावच्या शिवतेज रेसिडेन्सीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सत्यजीतला याखेरीज सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागली, बांधकामावरचं घमेलं लागलं, कापराचा वास मारणाऱ्या गोवऱ्या लागल्या, एक फ्लेक्स लागला, आणि कुणीही मीठ आणू नये अशी जाहीर सूचनाही काढावी लागली. तरी कणीस नीट भाजलं गेलं नाही ते नाहीच. आणि तरीही त्या भाद्रपदात सबंध कारेगावात त्याच्याइतकं मोठं काम कुणी केलं नसेल, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

त्याचं असं झालं. सत्यजीतचे सासरे मारुतराव हे यवतजवळचे बागायतदार. ऊस, मका, दावणीला गाई, आणि गावात कुठलीही निवडणूक लागली की दोन्ही पार्ट्यांनी ज्यांच्या ओट्यावर चहा पिऊन पुढं जायचं, असे गृहस्थ. शब्दाचे पक्के. सगळा घोटाळा या पक्केपणातच होता. अनिताच्या हळदीला कुणीतरी थट्टेनं विचारलं, "आबा, लेकीकडं जेवायला कवा जायाचं?" तेव्हा जुन्या रिवाजाला धरून ते बोलून गेले, "नातवंडानं हाताला धरून नेलं की. तवर लेकीच्या घरचं पाणी बी घ्यायचं न्हाई." मांडव हसला, मारुतरावही हसले.

मग वर्षं गेली. नातवंड काही झालं नाही. त्याबद्दल मारुतरावांनी कधी चकार शब्द काढला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण चारचौघांत टाकलेला शब्द गिळायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा ते यायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे, पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढून टीपॉयवर ठेवायचे आणि घटकाभरानं उठून जायचे. सासूबाई साळूबाईंनी मात्र हा नेम पहिल्याच खेपेला मोडला होता. त्या दोन्ही वेळा जेवल्या होत्या आणि उरलेली मासवडी डब्यात भरून घेऊन गेल्या होत्या. पण आई ती आई. अनिताचा जीव अडकला होता तो बापाच्या बाटलीत.

"ती बाटली टेबलावर दिसली ना," ती एकदा म्हणाली, "की वाटतं, आबा परक्याच्या दारात बसल्यात."

सत्यजीतच्या पोटात एक गोष्ट होती, ती त्यानं तिला सांगितली नव्हती. मागच्या खेपेला मारुतराव 'निघतो' म्हणून निघाले आणि नंतर सेकंड शिफ्टला जाताना सत्यजीतला ते हायवेवरच्या एका हॉटेलात दिसले. एकटेच कोपऱ्यातल्या टेबलावर पाव मोडून मिसळ खात होते. भूक लागलेल्या माणसासारखे खात होते. इकडं घरात ताटभर पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या. सत्यजीत गाडी न थांबवता पुढं गेला, पण ते टेबल त्याच्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

तर अशात मारुतरावांचा फोन आला. रविवारी शिरूरला कडबाकुट्टीचं मशीन बघायला जायचंय, वाटेत डोकावून जाईन. मका दाण्यात भरलाय, आता गाईंच्या चाऱ्याला, मुरघासाला कापायचाच हाय, तर पोतंभर कणसं आणू का?

"आणा," अनिता म्हणाली. आणि फोन ठेवून म्हणाली, "आणतील. आन् आम्ही खायाची, त्यांनी बघायची."

तेव्हा तिथं गिताबाई बसल्या होत्या. गिताबाई तळमजल्यावरच्या. त्यांचं सगळं बालपण मेंढरांमागं या रानातून त्या रानात गेलं होतं. आता मुलगा कंपनीत, सून कंपनीत, आणि दिवसभर घर खायला उठतं म्हणून त्या लोकांच्या घरी जाऊन बसत. रीतिरिवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द सोसायटीत शेवटचा मानला जाई, कारण त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

"कणीस व्हय?" गिताबाई म्हणाल्या. "मग खातील की त्ये. कणीस कुटं जेवान असतंय?"

सत्यजीत आणि अनिता दोघं एकदम त्यांच्याकडं बघायला लागले.

"माझा बाप बी लेकीच्या घरचं खात नव्हता," गिताबाई पायावर पाय टाकत म्हणाल्या. "पर आमाला घरच कुटं हुतं? रानात पाल ठोकायचं. त्यो यायचा, येताना कणसं घिऊन यायचा, मी जाळावर भाजायची आन् त्यो खायाचा. कणीस त्याचंच, रान समद्यांचं, जाळाला मालक नसतोय. ह्याला जेवान म्हनत न्हाईत, तोंड हलवनं म्हनत्यात. फकस्त एक. मीठ लावायचं न्हाई. मीठ लागलं की त्ये अन्न झालं. ज्याच्या घरचं मीठ, त्याच्या घरचं जेवान."

कायद्याच्या पुस्तकात इतकी स्वच्छ कलमं आम्ही पाहिलेली नाहीत. बापाचं कणीस, उघड्यावरचा जाळ, आणि मीठ नाही. अनिताचे डोळे चमकले, आणि सत्यजीतनं तिथल्या तिथं ठरवलं की रविवारी सासऱ्यांना कणीस भाजून घालायचं, आणि ते आपल्या हातानं.

आता यात एक बारीकशी अडचण होती. सत्यजीतनं जन्मात कणीस भाजलेलं नव्हतं. शिरूरात एसटीतल्या क्लार्कच्या पोटी जन्मलेला मुलगा, शिकला, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागला. मारुतराव त्याला फार मानानं वागवत; इतक्या मानानं, की सत्यजीतला त्यात थट्टेचा वास यायचा. "साहेब मानूस हाय," ते लोकांना सांगत, "लोखंडाची चूक सुदिक हुडकून काढत्यात." शेतकऱ्याच्या जावयाला जित्राबातलं काही कळत नाही, मातीतलं काही कळत नाही, हे त्यात न बोलता आलंच.

पण ज्याला ट्रायल घेता येते त्याला काहीही जमतं, असं क्वालिटीवाले मानतात. सत्यजीतनं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून सरावासाठी कणसं आणली. ती निघाली स्वीट कॉर्न. सराव तरी घरात करायला काय हरकत आहे, असं म्हणून पहिलं कणीस त्यानं गॅसवर धरलं. त्याची मिशी पेटली, म्हणजे कणसाची. मग दाणे फुटायला लागले. एक दाणा पडद्याला जाऊन चिकटला, एक सत्यजीतच्या भुवईला. उरलेलं कणीस आजाऱ्यासारखं सुरकुतून गेलं आणि बर्नर जो चोंदला, तो पुढं दोन दिवस फक्त अर्ध्या बाजूनं पेटत होता. सत्यजीतनं कंपनीतून आणलेली तापमान मोजायची पिस्तुलासारखी वस्तू कणसावर रोखली, आकडा बघितला आणि गंभीरपणे म्हणाला, "लॉट रिजेक्ट."

"आता त्या कणसाला गोळी घालून काय उपयोग," अनिता म्हणाली.

इथं सत्यजीतनं एक चूक केली. त्यानं लिफ्टमध्ये एका माणसाला सल्ला विचारला. आमचा अनुभव असा आहे की आपल्याकडं माणूस पत्ता विचारला तर एकवेळ 'माहीत नाही' म्हणेल, पण खाण्याच्या पदार्थाबद्दल विचारलं तर कधीच म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवरून सल्ले आले. कुणी म्हणे आधी कुकरला एक शिट्टी काढा. कुणी म्हणे तूप चोळा. एका वहिनींनी आपला एअर फ्रायर देऊ केला आणि तो परत नेताना पुसून द्या असंही सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे मिश्राजी तर कंपनीतून आले ते थेट वरच आले. "भुट्टा छिलके समेत आग में डालिए, भाईसाब. और ऊपर से नींबू, नमक, लाल मिर्च. बस."

"मीठ नाही," सत्यजीत म्हणाला.

"नमक नहीं?" मिश्राजींचा चेहरा उतरला. "किसी की तबीयत ठीक नहीं है क्या?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीत बातमी होती की तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी बीपी फार वाढलं आहे.

गॅस बाद झाला म्हटल्यावर गोवऱ्या आल्या. आल्या म्हणजे मोबाईलवरून मागवल्या. घरी दावणभर गाई असलेल्या बापाची लेक अनिता, तिच्या दारात बुडबुड्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोवऱ्यांचं खोकं आलं, त्यावर 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं लिहिलेलं. ती कितीतरी वेळ त्या खोक्याकडं नुसती बघत राहिली. "आबांना हे खोकं दिसलं तर जेवणाचं राहू द्या, ते मला ओळखसुद्धा दाखवणार नाहीत," ती म्हणाली. गोवऱ्या पूजेच्या होत्या. त्यात कापूर घातलेला होता. पलीकडच्या बांधकामावरून मागून आणलेल्या घमेल्यात सत्यजीतनं त्या गॅलरीत पेटवल्या, कणीस भाजलं, आणि दोघांनी एकेक घास घेतला. आरती खाल्ल्यासारखं लागलं.

तोवर धूर मिश्राजींच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून फिरून, वर टाकीपर्यंत जाऊन, खाली सेक्रेटरींच्या दारात पोचला होता.

सेक्रेटरी सोपानराव साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता, उलट कामाचा होता. पाण्याचा टँकर असो की लिफ्टचा मेकॅनिक, सोपानरावांनी मनावर घेतलं की आलाच. पण कुठलीही गोष्ट रीतसर झाल्याशिवाय ती झाली असं त्यांना वाटायचं नाही. ते दारात उभे राहून आधी घमेल्याकडं, मग सत्यजीतकडं, मग त्याच्या हातातल्या पिस्तुलाकडं बघत राहिले.

"गॅलरीत जाळ? सत्यजीत, तुम्ही शिकलेले लोक."

सत्यजीतला हे वाक्य फार लागलं. कंपनीत हेच वाक्य तो दुसऱ्यांना म्हणत असे. मग त्यानं सोपानरावांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. नेम, बाटली, गिताबाईंचा कायदा, सगळं. मिसळीचं तेवढं नाही सांगितलं, कारण अनिता चहा घेऊन आली. सोपानरावांनी चहा बशीत ओतला पण प्यायला विसरले. त्यांनाही दोन लेकी होत्या.

"असं हाय व्हय," ते हळूच म्हणाले. मग एकदम सेक्रेटरी झाले. "पण जागा कुठली? टेरेसवर न्हाई जमणार, वॉटरप्रूफिंग केलंय. पार्किंगमध्ये पेट्रोलच्या गाड्या."

"टेरेस न्हाईच चालायचं," गिताबाई मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या कुणाला कळलं नव्हतं. "त्याच्याखाली ह्यांचं घर हाय. घराच्या डोक्यावर बसून खाल्लं तर त्ये घरातच खाल्लं."

उरलं गार्डन. बिल्डरच्या पुस्तकात शिवतेजला गार्डन होतं, त्यात कारंजं होतं आणि एक गोरी बाई कुत्रं फिरवत होती. प्रत्यक्षात कंपाउंडच्या कडेला गाजरगवत होतं, एक विजेची डीपी होती आणि अधूनमधून कुणाची तरी शेळी. गेली कितीतरी वर्षं सोसायटी त्या गार्डनसाठी बिल्डरशी भांडत होती. गिताबाईंनी गॅलरीतून वाकून एकदा खाली बघितलं. "त्येला काय हुतंय," त्या म्हणाल्या. "त्ये रानच हाय."

बिल्डरनं गार्डन न केल्याबद्दल सत्यजीतला पहिल्यांदाच त्याचे आभार मानावेसे वाटले.

जागा ठरली, पण परवानगीचं घोडं अडलं. सोसायटीच्या नियमात जाळ फक्त होळीला. सोपानराव रात्रभर विचार करून सकाळी तोडगा घेऊन आले. खाजगी जाळाला परवानगी देता येत नाही, पण सार्वजनिक कार्यक्रम घ्यायचा कमिटीला अधिकार आहे. तेव्हा सार्वजनिक करू. नावापुरतं. एक सूचना ग्रुपवर टाकतो, म्हणजे रीतसर झालं.

सूचना अशी होती: 'रविवारी सकाळी नियोजित गार्डनमध्ये कणीस भाजणे कार्यक्रम. सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. टीप: कोणीही मीठ आणू नये. कारण विचारू नये.'

आता 'नावापुरतं' हा शब्द सत्यजीतला ठाऊक होता, सोपानरावांना ठाऊक होता. सूचनेत तो लिहायचा राहिला. आणि ज्या माणसाला आपण 'कारण विचारू नये' असं सांगतो, तो दुसरं काय करणार? दोन दिवस सोसायटीत मीठ सोडून कुठलाच विषय नव्हता. कुणी म्हणालं हे कसलं तरी व्रत आहे. कुणी म्हणालं मका नव्या जातीचा आहे, त्यात मीठ मुळातच आहे. मिश्राजी जिन्यात सत्यजीतला थांबवून दबक्या आवाजात म्हणाले, "थोड़ा सा भी नहीं?"

रविवारी सकाळी सत्यजीत घमेलं घेऊन खाली उतरला आणि जागच्या जागी थांबला. गाजरगवत कापलेलं होतं. डीपीला दोरी बांधून रिकाम्या पोत्यांचा आडोसा केला होता. अख्ख्या बिल्डिंगीतली माणसं ताटल्या घेऊन बसली होती. गणपतीतला स्पीकर लावला होता. आणि कंपाउंडला फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले सोपानराव भले मोठे, आणि कोपऱ्यात मारुतराव, मुंडावळ्यांच्या गर्दीतून कापून काढलेले, कारण फोटो अनिताच्या लग्नाच्या अल्बममधला होता. खाली लिहिलं होतं, 'मकादाते मा. श्री. मारुतराव यांचे हार्दिक स्वागत.'

"हे काय केलंत सोपानराव?" सत्यजीतनं घमेलं खाली ठेवत विचारलं.

"पाव्हणा मोठा हाय," सोपानराव म्हणाले, "मान राखायला नको?"

अनितानं वरून गॅलरीतून हे बघितलं आणि ती कपाळाला हात लावून खाली बसली. आबांना तमाशा खपत नाही. एका पत्रिकेत नाव वर छापलं म्हणून ते एका लग्नाला गेले नव्हते. ते गाडीतूनच परत फिरतील, आणि मग पुन्हा डोकावणारसुद्धा नाहीत. ती धावत खाली आली, तोवर पिकअप फाटकातून आत शिरली होती.

मारुतराव उतरले. धोतर, टोपी, काखेत पिशवी, पिशवीतून बाटलीचं निळं टोपण डोकावत होतं. त्यांनी फ्लेक्स वाचला. सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग गर्दीकडं बघितलं. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला, कुणीतरी पोतं उतरवून घेतलं, सत्यजीतनं घाईनं त्यातलं एक कणीस सोलून पेटत्या गोवऱ्यांवर ठेवलं, आणि सोपानरावांनी माईक हातात घेतला.

इथं सोपानरावांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांचं मन भरून आलेलं होतं आणि समोर माईक होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की भल्याभल्यांचा तोल जातो. "आज आपल्यात असा एक बाप आलेला आहे," ते म्हणाले, "की ज्यानं लेकीच्या घरच्या पाण्याचा थेंबसुद्धा घेतलेला नाही. त्यांचा नेम न मोडता त्यांच्या पोटात दोन घास जावेत, म्हणून आपण बिनघरची, बिनमिठाची ही व्यवस्था..."

गिताबाईंनी स्पीकरची वायर ओढली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुणी हालेना. मिठाचं कारण सगळ्यांना एकदम कळलं आणि कळल्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. अनिता खाली मान घालून पदराचं टोक पिळत उभी राहिली. सत्यजीतला वाटलं, घमेल्यातल्या गोवऱ्यांबरोबर आपणही राख होऊन जावं.

मारुतराव लेकीकडं बघत होते. मग त्यांनी घमेल्याकडं बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "कणीस करपतंया."

सत्यजीतनं धडपडत कणीस उलटलं. बोट भाजलं, ते तोंडात घातलं. मारुतराव जवळ येऊन एका सिमेंटच्या ब्लॉकवर टेकले, बाटली बाजूला ठेवली. त्यांना नाकाशी काहीतरी विचित्र जाणवलं असावं. "कापराचा वास का येतोया?" त्यांनी विचारलं. सत्यजीतनं खरं ते सांगून टाकलं. गोवऱ्या मोबाईलवरून आल्या आहेत, खोक्यातून. मारुतरावांची मिशी थोडीशी हलली.

"मामा, तुम्हीच दाखवा की कसं भाजायचं," सत्यजीत अगदी हरून म्हणाला.

"मला कुटं येतंय?" मारुतराव म्हणाले. "आमी कवा भाजलंय? तुमच्या सासूबाई भाजत्यात, आमी खातो. जल्मभर पिकिवलं, भाजलं न्हाई." आणि थोडं थांबून त्यांनी हात पुढं केला. "द्या हिकडं. हाय तसं द्या."

त्यांनी कणीस घेतलं, फुंकर मारली आणि खायला सुरुवात केली. बिल्डिंगमधली सगळी माणसं ताटल्या मांडीवर घेऊन एका माणसाचं कणीस खाणं बघत होती. मारुतराव घाई न करता, एक ओळ संपली की दुसरी, असं शेवटच्या दाण्यापर्यंत खात गेले. मग उघडं बुरकुंड त्यांनी हातात फिरवून बघितलं.

"जावईबापू, एका अंगानं कोळसा हाय. दुसऱ्या अंगानं निस्ता चीक. पर मधी एक ओळ हाय बगा," ते म्हणाले, "ती लई झ्याक भाजलीया. अशी ओळ म्या आजवर खाल्ली न्हाई."

कंपनीत सत्यजीतला दोनदा सर्टिफिकेट मिळालं आहे. त्याचा त्याला इतका आनंद झाल्याचं कुणी सांगत नाही. त्यानं खाली वाकून उगाचच गोवरी सारखी केली, कारण डोळ्यांत धूर गेला होता. धूरच गेला असणार.

त्यानं दुसरं कणीस पुढं केलं. मारुतरावांनी ते हातात घेतलं, पण खाल्लं नाही. मांडीवर आडवं ठेवून ते म्हणाले, "अने, ह्ये अळणी कुटवर खायाचं गं? मीठ आण की."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग समजलं, आणि एक नवलच झालं. पुढच्या रांगेतल्या वहिनींनी कमरेची पुडी काढली. मागं कुणीतरी शर्टाच्या खिशातून कागदाचा बोळा काढला. मिश्राजींनी तर लिंबू, मीठ आणि तिखट अशी सगळी सामग्री असलेली डबीच काढली. एवढी कडक सूचना असताना सोसायटीतला एकही माणूस मिठाशिवाय खाली उतरलेला नव्हता. सगळ्या बाजूंनी मारुतरावांसमोर मीठ आलं. सोपानरावांची पुडी सगळ्यात मोठी होती.

मारुतरावांनी सगळ्यांना हात जोडले. "तुमचं नगं, दादा. राग मानू नगा. हिच्या घरचं पायजे."

अनिता उभीच राहिली. गिताबाईंनी तिला पाठीत एक धपका घातला. "आगं पळ की. काय बगत बसलीस?" तेव्हा ती पळाली. लिफ्टकडं न बघता, चपला जिन्यातच टाकून, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

ती वर गेल्यावर मारुतराव सत्यजीतकडं न बघता, जाळाकडं बघत हळू आवाजात बोलले. "हितनं दर बारीला उपाशी उठतो, जावईबापू. आन् म्होरं जाऊन हाटेलात खातो. चोरावाणी. आत हिच्या सैपाकाचा वास आलेला असतो. लई भूक लागती. पर बोलून बसलो व्हतो. आन् लेकीला वाटायचं, नातू न्हाई म्हून आबा जेवत न्हाई. तिला तसं वाटतं ह्ये मला कळत व्हतं, आन् तरी..."

"मला माहीत होतं, मामा," सत्यजीत म्हणाला. "मिसळीचं. मी बघितलं होतं."

मारुतरावांनी त्याच्याकडं मान वळवली. "तिला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"साहेब मानूस हाय," मारुतराव म्हणाले. या वेळी त्यात थट्टा नव्हती, हे सत्यजीतला नक्की कळलं.

अनिता आली ती मिठाची अख्खी बरणी घेऊनच आली. धाप लागलेली, केस सुटलेले. चमचा आणायचा राहिला होता. तिनं बरणीत हात घातला, मूठभर मीठ घेतलं आणि त्या कणसावर चोळायला लागली. मीठ मारुतरावांच्या धोतरावर सांडलं, घमेल्यात पडून तडतडलं, कणसावर तर पांढरा थर बसला. ती चोळतच राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

मारुतरावांनी कणीस तोंडाला लावलं, मोठा घास घेतला, आणि त्यांचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं. डोळ्यांतून पाणी आलं.

"खारट झालं का, आबा?" अनितानं घाबरून विचारलं.

"व्हय," मारुतराव घास चावत म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक घास घेतला. "हुणारच की. इतक्या वर्सांचं एकदम पडलंया."